घरचं उदाहरण

माझं काम माणसांना मार्क देण्याचं आहे. ऐकायला शाळेतलं वाटतं, पण इथे मार्क जितके जास्त तितकं वाईट. वीस मुद्दे असतात: गोड बोलून गुंडाळणं, खोटं बोलणं, केल्याचा पस्तावा नसणं, दुसऱ्याच्या दुःखाची झळ न लागणं, लवकर कंटाळणं, असे. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन. चाळीसपैकी तीसच्या वर गेला तर तो माणूस आतून कोरडा, असं आम्ही धरतो. मंगळवारी मी हे तुरुंगात करते आणि शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत, साध्यासुध्या माणसांवर. साधी माणसं कशाला, असं सगळेच विचारतात. वजनकाटा खरा आहे का हे बघायला आधी माहीत असलेलं वजन त्यावर ठेवावं लागतं, म्हणून. बस चालवणारे येतात, शिक्षिका येतात, तीन-चार मार्क घेऊन जातात आणि उगाच काळजीत पडतात.

हे मी आज रविवारी दुपारी लिहून काढते आहे. आमच्या धंद्यात ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नसतं. शिवाय मला भीती वाटते आहे, आणि भीती वाटली की मी लिहिते.

कामाला लागण्याआधी घरच्या एका माणसावर सराव करायचा असा आमच्याकडे नियम आहे. माझ्या घरचं माणूस म्हणजे धाकटी बहीण. आम्ही दोघी आणि बाबा, एवढंच आमचं घर. बाबांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा शाबूत, आणि त्या हाताशी एक छोटी पितळी घंटी. एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर कूस बदला, वाजतच राहिली तर दुखतंय. मी दिवसभर बाहेर, त्यामुळे हे सगळं धाकटीच्या गळ्यात. ती साबणाची जाहिरात बघूनही रडते. बाबांनी सूप अर्धं टाकलं की आधी ती गप्प होते, हातातलं खाली ठेवते, मग उजव्या डोळ्यात पाणी येतं, फक्त उजव्या, आणि ते ती मनगटाच्या मागच्या बाजूने पुसते.

मी कामाला लागले तेव्हा तिला चाळीसपैकी एक मार्क पडला होता. लवकर कंटाळण्याचा. घरात तिने विणायला घेतलेले तीन स्वेटर आहेत आणि तिन्हींना एकेकच बाही आहे.

“कमी पडले का गं, ताई?” तिने काळजीने विचारलं होतं. मी दिवसभर हसत होते.

तुरुंगातल्या त्या कैद्याला पहारेकरी साखरभाऊ म्हणत. बाहेर असताना तो आजारी म्हाताऱ्यांची सेवा करायचा. तीन घरांत राहिला आणि तिन्ही घरांतली माणसं गेली. उपाशी, तहानलेली, शेजारच्या खोलीत हा बसलेला असताना. तिन्ही पंचनाम्यांत एक ओळ सारखी होती. आजाऱ्याची घंटी कपाटावर, हात पोहोचणार नाही अशी, स्वच्छ रुमालात गुंडाळून ठेवलेली सापडली. त्याच्या सुटकेचा अर्ज मंडळापुढे होता आणि पुढच्या महिनाअखेर माझा अहवाल जायचा होता.

पहिल्या मंगळवारी मी त्याला घंटीबद्दल विचारलं.

“आवाजाचा त्रास व्हायचा,” तो म्हणाला.

“कुणाला?”

“सगळ्यांनाच.” मग त्याने माझ्या पेल्यात पाणी ओतलं.

छत्तीस. आमच्याकडे मुलाखत एकजण घेतो आणि दुसरा तिचं चित्रीकरण बघून स्वतंत्र मार्क देतो. दोघांची पाकिटं बंद, पहिल्या आणि पाचव्या मुलाखतीनंतर एकत्र उघडायची, शेवटची थेट मंडळापुढे. दुसरे म्हणजे सर, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले. त्यांचेही छत्तीस. मी निश्चिंत झाले. तेव्हाच अहवाल लिहून टाकला असता तर बरं झालं असतं, पण नियम सहा मुलाखतींचा.

दुसऱ्या मंगळवारी चूक झाली, आणि ती माझी. दुसऱ्याला दुखलं की तुम्हाला काय होतं, हा प्रश्न होता. तो म्हणाला, कळलं नाही, एखादं उदाहरण द्या. उदाहरण द्यायची मुभा असते. पुस्तकात दिलेली उदाहरणं घासून गुळगुळीत झालेली, तुरुंगात सगळ्यांना पाठ असतात. म्हणून मी घरचं दिलं. एका घरात एक आजारी माणूस आहे, म्हटलं, आणि त्याची काळजी घेणारी एकजण आहे. त्याने सूप टाकलं की तिला रडू येतं. नाव नाही, नातं नाही, त्यामुळे नियम मोडला नाही असं मी स्वतःला समजावलं.

“रडायच्या आधी तिला काय होतं?” त्याने विचारलं.

कुणी कैदी असं विचारत नाही. मला तो अभ्यासाचा विषय वाटला आणि माझी जीभ सैल सुटली. आधी ती गप्प होते, हातातलं खाली ठेवते, मी सांगत गेले. तो मान हलवत ऐकत होता, शिंपी मापं घेताना हलवतो तशी. तिसऱ्या मंगळवारी त्याने आणखी विचारलं. चौथ्या मंगळवारी मी न विचारताच सांगितलं.

घरी तिसऱ्या मंगळवारनंतर धाकटीने दुसरी बाही पुरी केली. आठवड्यात तिन्ही स्वेटर पुरे झाले. मी तिचं कौतुक केलं. माझ्यासारखी शहाणी मीच.

चौथ्या मंगळवारी मी त्याला पहिल्या घरातल्या आजीबद्दल विचारलं. तो गप्प झाला. हातातला चहा त्याने खाली ठेवला. मग त्याच्या उजव्या डोळ्यात पाणी आलं. नाटक चाललंय, मी मनात म्हटलं, आणि तसं लिहिलंही. पण मग त्याने मनगटाची मागची बाजू डोळ्याला लावली. ती लकब मी त्याला सांगितली नव्हती. रात्री चित्रीकरण दोनदा ऐकलं. नव्हतीच सांगितली.

त्या दिवशी घरी आले तर जिन्यातच घंटी ऐकू आली. ती वाजत होती आणि थांबत नव्हती. धाकटी बाबांच्या पलंगाशेजारी बसून मासिक चाळत होती. मी धावत जाऊन बाबांची कूस बदलली. पाठीखाली चमचा राहिला होता, त्याचा वळ उठला होता.

“अगं, ऐकू येत नाही का?”

“येतं की,” ती गोड हसून म्हणाली. “थोड्या वेळाने थांबतात ते.”

थकली असेल, असं मी धरलं. दोन वर्षं एक दिवस सुट्टी नाही, माणूस आहे शेवटी. पण वर्तमानपत्राच्या कडेला मी तिचे मार्क मांडून बघितले. सत्तावीस. मी तो कागद फाडला आणि तुकडे कचऱ्यात न टाकता पर्समध्ये ठेवले.

पाचव्या मंगळवारनंतर सरांचा फोन आला. आवाज उतरलेला होता. साखरभाऊला त्यांनी नऊ दिले होते. मीही नऊच दिले होते. “हे मार्क हलत नाहीत,” सर म्हणाले. “माणूस म्हातारा होतो, केस जातात, दात जातात, मार्क तेवढेच राहतात. काटा बिघडलाय बहुतेक.” मग शनिवारी आम्ही दोघांनी वाचनालयातली सहा माणसं पुन्हा तपासली. तीन, चार, दोन, चार, तीन, तीन. काट्यात काही खोट नव्हती. सर निघताना जिन्याचा कठडा धरून उतरले, एरवी ते धरत नाहीत.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला हसत हसत एक बातमी दिली. साखरभाऊने कारखान्यात विणायला घेतलंय म्हणे, प्लास्टिकच्या सुयांनी. हात चांगला आहे, पण चिकाटी नाही. एक बाही झाली की सोडून देतो.

सहावी मुलाखत या मंगळवारी झाली. त्याचे डोळे सुजले होते. रात्रभर झोप येत नाही, तो म्हणाला, तिघंही पाणी मागतात. त्यांची नावं घेताना तो रडू लागला. गेल्या बावीस वर्षांत मी खोटं रडणं इतकं पाहिलंय की खरं लगेच ओळखू येतं. हे खरं होतं.

निघताना त्याने विचारलं, “बाबांनी आज सूप घेतलं का?”

मी फक्त आजारी माणूस म्हणाले होते. बाबा हा शब्द मी कधीच उच्चारला नव्हता.

मी चित्रीकरणाचं यंत्र बंद केलं. एवढी शिकलेली बाई, सांगायला लाज वाटते, पण मी टेबलावर वाकून त्याला म्हणाले, परत कर.

“ताई,” तो म्हणाला. आजवर तो मला मॅडम म्हणत आला होता. “ताई, मी घेतलं नाही हो. तुम्ही सांगत गेलात आणि ते माझ्यात येत गेलं. मला परत तसं करू नका. तिथे फार शांत असतं.” त्याने मनगटाने डोळा पुसला. “तिला हवं असेल तर तुमचं सांगा.”

शुक्रवारी मंडळापुढे पाकिटं उघडली. सरांचा एक, माझा एक. दोघांनी तो एकाच मुद्द्यावर दिला होता, लवकर कंटाळण्याच्या. खोटा आकडा लिहावा असं मनात आलं होतं. पण आत जो माणूस होता त्याला एकच पडत होता, आणि त्याला कोंडून धाकटी परत येणार नव्हती. तो उद्या सुटतो आहे.

आज सकाळी मी उशिरा उठले. घर शांत होतं. मला बरं वाटलं, मग का बरं वाटतंय हे लक्षात आलं आणि मी पळाले. बाबा जागे होते. ओठ सुकून पांढरे पडले होते. डावा हात चादरीवर उघडत होता आणि मिटत होता. घंटी हाताशी नव्हती.

ती कपाटावर होती. स्वच्छ रुमालात गुंडाळलेली.

“आवाजाचा त्रास व्हायचा,” धाकटी दारातून म्हणाली.

“कुणाला?”

“सगळ्यांनाच.”

साखरभाऊची फाइल तिने कधी पाहिलेली नाही. ती तुरुंगातून बाहेरच येत नाही.

मी बाबांना चमच्या-चमच्याने पाणी पाजलं. घंटी हातात दिली तर त्यांनी ती वाजवली नाही, छातीशी धरली. तेव्हापासून मी त्यांच्या खोलीत बसून लिहिते आहे. परिचारिका ठेवता येईल. धाकटीला दुसरीकडे ठेवता येईल. डॉक्टरांना सांगता येईल, त्यांना याला एखादं नाव सापडेल. पण मग जाहिरात बघून रडणारी माझी बहीण कुठे गेली हे कोण शोधणार? मीच तिला मंगळवारामागून मंगळवार वाटून टाकली. ज्याने केलं त्याने निस्तरावं.

माझं काय सांगायचं, याचा विचार केला. मी रडत नाही. मी धास्तावते. निघताना गॅस तीनदा बघते. बाबा खोकले की पुन्हा खोकेपर्यंत श्वास धरून दारात उभी राहते. धाकटीला यायला दहा मिनिटं उशीर झाला की तिच्या मरणापर्यंत मनाने जाऊन परत येते. लहानपणी ती तापाने फणफणली होती तेव्हा रात्रभर तिचा अंगठा धरून बसले होते, सोडला तर जाईल म्हणून. माझी माया सगळी भीतीच्याच रूपात आहे. दुसरं काही माझ्याकडे नाही.

ती बाहेर बसली आहे. आता जाऊन समोर बसते. ती विचारेल, आधी काय होतं? आणि मी सांगेन.

*

आज गुरुवार. नोंद पुरी करावी म्हणून वर लिहिलेलं वाचलं. फार लांबलंय. एवढं घाबरण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

धाकटी ठीक आहे. सोमवारी खूप रडली, बाबांच्या पायांवर डोकं ठेवून. तिला चार दिवस मैत्रिणीकडे पाठवलंय. जायलाच तयार नव्हती. तीनदा गॅस बघितला, दारातून परत आली, माझा अंगठा घट्ट धरून म्हणाली, “ताई, मी जाऊ नको ना?” मी तिची छान समजूत घातली. हल्ली मला समजूत घालणं जमतं. काल सरांचा फोन होता, त्यांनाही खूप हसवलं.

झोप उत्तम लागते. बाबांचं मीच बघते.

धाकटीने जाताना तो रुमाल धुवायला टाकला होता. मी दुसरा घेतला, इस्त्रीचा.