सव्वीस अंश

सगीरा रक्त तपासायची. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं तिनं हेच केलं होतं, त्यामुळं डोळ्यांना दिसेल आणि नळीत मोजता येईल तेवढ्यावरच तिचा भरवसा. गारखेड्यात आवडाबाईंच्या घराच्या माडीवर दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती राहायची. आधी आई बरोबर होती. आठ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं सगीरानंच केलं. लग्नाचं वय कधी आलं नि कधी गेलं, तिचं तिलाही कळलं नाही. आई गेल्यावर मात्र कामावरून परतलं की हात रिकामे राहायला लागले. मग तिनं मासे पाळले.

औरंगपुऱ्यात शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या करीमभाईंनी तिला दोन फुटी काचेची टाकी दिली आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "बाजी, आज मछली नाही मिळायची. आधी पाणी पिकू द्या." तीन आठवडे नुसतं पाणीच फिरत राहिलं. तळाला धुतलेली बारीक वाळू, कोपऱ्यात दोन हिरवी झुडपं, फिल्टरची हलकी गुरगुर. सगीरा रोज पाणी तपासायची, वहीत लिहायची. पाणी ठीक झालं तेव्हा तिनं आठ गप्पी आणि मधाच्या रंगाची एक गुरामीची जोडी आणली. चार वाजता कामावरून येऊन ती खाद्याचा डबा उघडायची, तेव्हा सगळे तोंडं वर करून पाण्याच्या काठाशी जमायचे. नळाला तीन दिवसांआड पाणी. ते ड्रममध्ये मुरवून, क्लोरीनचा वास उडाला की दर शुक्रवारी टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदलायचं. दोन वर्षं हा नेम चुकला नाही.

चुकला तो २०११ च्या ऑक्टोबरात. प्रयोगशाळेतच तिला घेरी आली. कावीळ निघाली, आणि तीही साधी नव्हे. तेवीस दिवस ती दवाखान्यात पडून होती. माडीची किल्ली पर्समध्ये, पर्स उशीखाली. ग्लानी उतरली की मासे आठवायचे, पण कुणाला हाक मारून काही सांगावं एवढं त्राण नसायचं. दहाव्या दिवशी तिनं मनातल्या मनात त्यांची माफी मागून टाकली.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "अजून धोका टळलेला नाही. ताकद भरून आली नाही तर हे पुन्हा उलटेल. घरी बघायला कोण आहे?"

"आहेत की," सगीरा म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं मान खाली घातली.

माडीचं कुलूप उघडण्याआधी तिनं ओढणी नाकाला लावली. आत वास नव्हता. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं आणि त्या उन्हात टाकी नुकत्याच पुसलेल्या आरशासारखी लख्ख दिसत होती. काचेवर शेवाळाचा ठिपका नाही. पाणी बरोबर खुणेपर्यंत. दहाच्या दहा मासे जिवंत, अंगानं भरलेले, आणि झुडपाच्या आडोशाला तांदळाच्या दाण्याएवढी गप्पीची नवी पिल्लं.

ती पलंगावर बसली आणि ढसाढसा रडली.

मग तिच्या सवयीप्रमाणं तिनं सगळं तपासलं. खाद्याचा डबा निम्मा झाला होता. ड्रम मात्र ती सोडून गेली तेवढाच भरलेला. तिनं खाली जाऊन आवडाबाईंना विचारलं.

"मावशी, माझ्या मागं वर कोण गेलं होतं?"

"कोण जाईल बाई? कुलूप तर तसंच व्हतं. मी दोन डाव जिन्यापर्यंत जाऊन बघितलं." आवडाबाईंनी वर बोट दाखवलं. "पण पाण्याचा आवाज यायचा. दर शुक्रवारी. मला वाटलं, तुझी मोटर चालू राहिली."

सगीरानं टाकीतलं पाणी तपासलं. नळाच्या पाण्यात क्षार भरपूर, भांड्यावर पांढरा थर धरतो. टाकीतल्या पाण्यात क्षार जवळजवळ नव्हतेच. तीन वेळा तपासलं, तीनही वेळा तेच. असं पाणी शहरात कुठल्या नळाला येत नाही, कुठल्या बोअरला लागत नाही. तिनं वहीत आकडा लिहिला आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

पुढच्या शुक्रवारी तिनं उंबऱ्यावर आणि खिडकीच्या चौकटीवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि दुपारी दोन तास आवडाबाईंकडं जाऊन बसली. परत आली तेव्हा पावडर जशीच्या तशी होती. टाकीतलं पाणी बदललेलं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. तिनं स्वतःला तसं विचारूनही पाहिलं. पण आतून जे वर आलं ते वेगळंच होतं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचं केलं होतं. तिच्यासाठी, न सांगता, न बोलावता, कुणी काही केल्याची ही पहिलीच वेळ. टाकीपाशी उभं राहून ती रिकाम्या खोलीला म्हणाली, "शुक्रिया. जो कोई हो, शुक्रिया."

त्यानंतर काळजी फक्त माशांची राहिली नाही.

दुपारी तिचा डोळा लागायचा. उठल्यावर खिडकीचा पडदा ओढलेला असायचा, डोळ्यांवर ऊन येऊ नये असा. माठ भरलेला असायचा, आणि त्या पाण्याला एक गोडसर, हलकी चव. नोव्हेंबर सरला, थंडी पडली. खाली आवडाबाई शेगडीपाशी बसून कुडकुडायच्या, वर सगीराला शाल लागायची नाही. तिनं टाकीतला थर्मामीटर काढून भिंतीला लावला. सव्वीस अंश. सकाळी सव्वीस, दुपारी सव्वीस, खिडकी सताड उघडली तरी सव्वीस. टाकीही नेहमी तेवढ्यावरच असायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला ती तपासणीला गेली. तिचा सहकारी फारूख अहवाल हातात धरून नुसता बघत राहिला.

"आपा, ये रिपोर्ट आपकाच है ना? दोन डाव लावला मी. एवढ्या लवकर कुणाचं लिव्हर सुधारत नाही. औषध काय घेताय?"

"कुणीतरी जपतंय मला," सगीरा म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी. बाहेरची हवा तिला बोचत होती, छातीत श्वास अपुरा पडत होता. घाईनं रिक्षा करून ती घरी आली. जिना चढून आत पाऊल टाकलं आणि मग कुठं श्वास नीट लागला.

तिनं भिंतीला डोकं टेकवून पुन्हा आभार मानले.

एके दुपारी आवडाबाईंनी जिन्यातून हाक मारली. वर मात्र त्या आल्या नाहीत. "सगीरा, अगं बरी हाईस ना?"

"एकदम बरी आहे, मावशी."

"लई दिस झाले, खाली उतरली नायस."

"कालच तर आले होते."

"काल नाय बाई. आज सतरावा दिस."

सगीरानं वही उघडली. शेवटची नोंद सतरा दिवसांपूर्वीची होती.

"खातीस काय गं तू? गॅसचा आवाज नाय, भांड्याचा आवाज नाय."

"खाते की," सगीरा म्हणाली. काय खाल्लं ते आठवायचा तिनं प्रयत्न केला. पोट भरलेलं होतं, चेहरा भरलेला होता. आठवत मात्र काहीच नव्हतं.

 जिन्यात आवडाबाईंच्या चपला वाजल्या आणि दूर गेल्या.

खोली उबदार होती. सगीराला वाटलं, एवढं सुख मिळालं, आता एकच उणं आहे. बोलायला कुणी नाही. तिनं हे मोठ्यानं म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी अन्वरी आली.

अन्वरी तिची मामेबहीण. फर्दापूरला राहायची, दोन वर्षांपूर्वी नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सगीरानं दार उघडलं तर ती वरच्या पायरीवर बसलेली, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"अन्वरी! कब आई तू? दार का नाही वाजवलंस?"

"अर्धा तास झाला, आपा." अन्वरी गोंधळून हसली. "उठावंसंच वाटेना. आधी अंग गार पडलं होतं, मग हळूहळू बरं वाटत गेलं. आत्ता कुठं उठता आलं."

नवा मासा आणला की पिशवी तशीच अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची, ही गोष्ट सगीराला त्या क्षणी आठवली. तिनं ती बाजूला सारली आणि बहिणीला कवेत घेतलं.

"आलीस कशी पण? फोन नाही, काही नाही."

"मालूम नै. सकाळी उठले आणि कपडे भरले. तुझ्याकडं जायचं एवढंच डोक्यात." अन्वरीनं खोलीभर नजर फिरवली आणि पिशवी खाली ठेवली. "किती बरं वाटतंय गं इथं. मी राहू का?"

"राहा," सगीरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "राहा, अन्वरी."

दोघी पलंगावर बसून बोलत राहिल्या. मामांचं, आईचं, लहानपणीच्या ईदचं. चार वाजले असतील. बोलता बोलता दोघी एकाच वेळी गप्प झाल्या आणि तोंडं वर करून छताकडं पाहू लागल्या.

दोघींनाही भूक लागली होती.