निळ्याचं उत्तर

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. गेल्या ऑक्टोबरात, घाटघरला, भर दुपारी हे घडलं. माझ्या आतेबहिणीच्या, निरगुडसरच्या वैजयंतीच्या बाबतीत.

विमानतळावर नोकरी लागावी म्हणून ती कोर्स करत होती. परीक्षेत दोनदा नापास. दोन्ही वेळा आणीबाणीच्या रंगांच्या कोडनी घात केला.

लाल म्हणजे आग. निळा म्हणजे कुणाची तरी तब्येत अचानक बिघडली. इथवर ठीक. पण पिवळा, काळा... एका पुस्तकात एक अर्थ, दुसऱ्यात भलताच. सर म्हणायचे, "प्रत्येक विमानतळाचं वेगळं असतं."

मग पाठ काय करायचं, कपाळ?

वैतागून ती घाटघरला सरूमावशीकडे अभ्यासाला गेली.

त्या दिवशी मावशी सकाळीच भात कापायला खाचरात गेली. वैजूनं आतून कडी घातली. बरोबर बाराला मोबाईलवर आपलेच प्रश्न रेकॉर्ड केले. प्रत्येक प्रश्नापुढं उत्तरासाठी थोडी जागा सोडली.

जेवून सव्वाला तिनं ते लावलं.

"कोड लाल?"

"आग," वैजू म्हणाली.

"कोड निळा?"

ती तोंड उघडणार, तोच मोबाईलमधून...

कुणीतरी श्वास घेतला.

"माणूस पडलंय. खाली, खाचरात."

आवाज मावशीचा.

वैजू घाबरली नाही. चिडली. इथं डोक्याचं भुस्काट झालंय, आणि हिला रेकॉर्डिंग चालू असताना खिडकीशी येऊन थट्टा सुचली. भांडायलाच ती तरातरा खाचराकडं निघाली.

बांधावर विळा होता.

मावशी नव्हती...

ती बांधाखाली पालथी पडली होती. तोंड चिखलात.

जुन्नरच्या दवाखान्यात दोन दिवसांनी ती नीट बोलू लागली. "एकची एसटी गेली बघ. मंग चक्कर आली."

वैजूनं रेकॉर्डिंग ऐकवलं. मावशीनं ते पुन्हा लावायला सांगितलं.

"आवाज माझाच हाय. पन बाराला मी धड व्हते. घराकडं फिरकले बी न्हाई."

मग हळूच म्हणाली...

"आन् वैजू, निळा म्हंजी काय गं?"

डिसेंबरात वैजूनं तिसऱ्यांदा परीक्षा दिली. निळ्यापुढची जागा कोरी सोडून आली. उत्तर येत होतं. पण ते लिहिलं तर आता कोण पडेल, या विचारानं हात उचलेना.

एका मार्कानं पुन्हा नापास. घरचे चिडून विचारतात, एवढं सोपं कसं चुकलं?

ती नुसती ताट पुढं सरकवते आणि उठून जाते.