याकोबची बदली

चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरातली चोविसावी तारीख. याकोब रणपिसे सकाळीच सातारा स्टँडामागच्या शिंप्याकडं गेला आणि बाळाचा पांढरा झगा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी, नाताळच्या सकाळी नऊ वाजता, सांगलीच्या देवळात त्याच्या धाकट्या पोराचा बाप्तिस्मा होता. शिंप्यानं झग्याच्या गळ्याला बारीक लेस लावली होती. याकोबनं तो वर्तमानपत्रात गुंडाळला, लेकीच्या रिबिनींबरोबर खाकी पिशवीत ठेवला आणि दोनच्या सांगली गाडीची वाट बघत डेपोतल्या बाकावर बसला.

त्या बाकावर त्याची चार वर्षं गेली होती. याकोब एस.टी.त बदली कंडक्टर होता. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी कार्य निघालं, की त्याच्या जागी जायचं. नाहीतर बाकावर बसून राहायचं. बोलावणं आलं की निघायचंच. नाही म्हणणाऱ्याचं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत खाली घसरायचं. आई मनुबाई, बायको करुणा, पाच वर्षांची लिडिया आणि तान्हं बाळ, सगळी सांगलीत. सलग दोन नाताळ तो घरी गेला नव्हता. पहिल्या खेपेला करुणा भांडली होती. दुसऱ्या खेपेला ती काहीच बोलली नाही, आणि याकोबला त्याचीच जास्त धास्ती बसली होती. म्हणून या साली त्यानं महिनाभर आधी रजा सांगून ठेवली होती.

दीड वाजता टाइमकीपर नानासोनं खिडकीतून हाक मारली.

"रणपिसे, चिलारवाडी मुक्काम. चारची गाडी."

"नानासो, माजी रजा हाय. उद्या पोराचा बाप्तिस्मा..."

"पवाराच्या बहिणीचं लगीन हाय. त्यो न्हाई आला. दुसरं कोण दिसतंय तुला हितं?" नानासो वर न बघताच म्हणाला. "न्हाई म्हण, मी तसं लिवतो. यादी जानेवारीत लागायचीया."

याकोबनं खाकी पिशवी काखेत मारली आणि तिकिटांची पेटी उचलली.

चिलारवाडी कोरेगावच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात. गाडी संध्याकाळी जायची, रात्री गावात थांबायची आणि पहाटे माघारी फिरायची. कोरेगावात बाजारकऱ्यांनी गाडी गच्च भरली आणि पुढं एकेका फाट्यावर रिकामी होत गेली. दिवस बुडाला. शेतातल्या गुऱ्हाळांचा धूर खाली उतरून रस्त्यावर साचला. ओढ्याच्या पुलापाशी शेवटची म्हातारी उतरली. याकोबनं दार ओढून घेतलं, दोरी दोनदा ओढली. पुढं ड्रायव्हर तात्याबा, मागं तो. आत नुसता पत्र्याचा खडखडाट.

तिकिटांचे नंबर उतरवून घ्यायला तो वळला, तर मागच्या आडव्या बाकावर एक माणूस बसलेला.

अंगभर घोंगडं, मान खाली. याला आपण तिकीट कुठं दिलं हे याकोबला आठवेना. जवळ गेल्यावर वास आला. वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीत वाकून बघितल्यावर येतो तसा गार, शेवाळी वास.

"कुठं जायचं, पाव्हणं?"

"मास्तर, उद्या सण न्हवं तुमचा?"

आवाज हळू होता. ऐकलेला वाटत होता, पण कुठं ते सांगता येईना. सगळ्या वाटेनं आपण तात्याबापाशी कुरकुरत आलो, ते यानं ऐकलं असणार, असं याकोबनं मनाशी धरलं.

"सण हाय. पर नोकरी बी हाय."

"तुमी दुसऱ्याच्या बदलीला हितं... मग घरी तुमच्या बदलीला कोण?"

दुपारपासून याकोबनं राग दातांखाली धरला होता. तो आता सुटला. याकोब हसला, आणि ते हसू त्याचं त्यालाच कडू लागलं.

"घरी कुठली बदली, गड्या?"

"मी जाऊ?"

"जा की. खुशाल जा. तिथं माजी जागा मोकळीच असती."

माणसानं मान वर उचलली. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली, आतला दिवा विझला आणि पुन्हा लागला. बाक रिकामा होता.

"तात्याबा... गाडी थांबवा!"

तात्याबानं गाडी थांबवली, टॉर्च घेऊन मागं आला. बाकाखाली वाकून बघितलं, दार ओढून बघितलं.

"कोण व्हतं मागं? पुलापासनं दोघंच हाय आपुन. दार वाजलंबी न्हाई."

याकोबची नजर वरच्या फळीवर गेली. निघताना ठेवलेली खाकी पिशवी तिथं नव्हती.

पहाटे धुक्यातून गाडी माघारी निघाली. सांगलीच्या देवळात घंटा होत असेल त्या वेळी तो साताऱ्यात सांगली गाडीच्या पायरीवर पाय ठेवत होता. हात रिकामे. करुणाला काय सांगायचं याची जुळवाजुळव तो कराडपर्यंत करत राहिला. इस्लामपूर गेलं तरी एक वाक्य धड जुळलं नाही.

दुपारी दोनला तो वस्तीत शिरला. दारोदार कागदी तारे लटकत होते, मटणाच्या रश्श्याचा वास सुटला होता. शेजारची भामाबाई ओट्यावर बसली होती.

"सलाम, याकोबभाऊ. लगीच फिरलासा माघारी?"

त्याला अर्थ लागला नाही. तो पुढं गेला. करुणा दारातच होती आणि ती हसत होती. तसं हसू त्यानं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"चला, आई पान वाढून बसल्यात."

पाळण्यात बाळ झोपलं होतं. अंगात लेस लावलेला झगा. लिडियाच्या वेण्यांना लाल रिबिनी.

"ह्ये... कुणी आणलं?"

"बास झाली चेष्टा. काल दिवे लागायला आलात, तवापासनं नुसत्या चेष्टाच चालल्यात तुमच्या."

मनुबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "पाळकसाहेबांनी पोराच्या डोस्क्यावर पाणी घातलं तवा तुजं डोळं भरलं रं. लय बरं वाटलं मला." लिडिया सांगत होती, पप्पांनी तिला खांद्यावर घेऊन गाणी म्हणत सगळी वस्ती फिरवली. करुणा त्याच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आन् रात्री माझी माफी मागितलीत... मी बी सोडलं सगळं मनातनं."

याकोब पाटावर बसला. काल आलेला मी नव्हतो, हे अगदी ओठांवर आलं होतं. मग त्यानं करुणाकडं पाहिलं. ती गुणगुणत वाढत होती. आपण कधी न दिलेलं सुख आपणच कसं काढून घ्यायचं, या विचारानं त्याची जीभ जागीच राहिली. आणि खरं सांगायचं तर, फुकट मिळालेली ती माफी त्यालाही हवी होती. तो जेवायला लागला. घास मातीसारखे लागत होते.

तेवढ्यात बाळ जागं झालं. त्यानं उचलून घेतलं, तसा बाळानं टाहो फोडला.

"अगंबाई," करुणा म्हणाली, "सकाळपासनं तुमची मांडी सोडत नव्हतं की!"

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो साताऱ्याला गेला. जानेवारीत यादी लागली. तिच्यात त्याचं नाव नव्हतं. पुढं लग्नं, गावोगावच्या जत्रा. दीड-दोन महिन्यांत त्याला सांगलीला जाण्याइतकी सवड मिळाली नाही. पत्र लिहायला तो कितीदा बसला, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना.

फेब्रुवारीच्या अखेरीला, एका शनिवारी दुपारी, करुणाचंच पत्र आलं. त्यानं ते डेपोच्या बाकावर बसून वाचलं.

'तुम्ही आता दर शनिवारी न चुकता येता, त्यामुळं घराला घरपण आलं आहे. आई बऱ्या आहेत. समोरासमोर बोलायचा धीर होत नाही म्हणून लिहिते. रागावू नका. रात्री तुम्ही झोपत का नाही? मला जाग येते तेव्हा तुम्ही पाळण्यापाशी उभे असता. बाळ हल्ली रडत नाही. अजिबात रडत नाही.'

"रणपिसे! चिलारवाडी मुक्काम," नानासो ओरडला.

याकोबनं पेटी बाकावर तशीच सोडली आणि सुटत असलेली सांगली गाडी पळत जाऊन धरली.

वस्तीत पोचला तेव्हा नुकते दिवे लागले होते. घराचं दार बंद होतं. फटीतून उजेड येत होता आणि आत करुणा पाळणा म्हणत होती. त्यानं दार वाजवलं.

"कोण हाय?"

"करुणा... मी."

गाणं थांबलं. पावलं दारापर्यंत आली. पलीकडं ती श्वास रोखून उभी आहे, हे त्याला जाणवलं.

"दार उघड. मी याकोब..."

मग ती बोलली, अगदी दबक्या, थरथरत्या आवाजात.

"जा बाबा तू हितनं... ह्यांनी सांगून ठेवलंय मला. असा कुणी येईल म्हणून... त्यांच्याच आवाजात हाका मारील म्हणून..."

आणि आतून वरची कडीही घट्ट लागली.