खोटं की थोडं?

मंत्र्यांच्या भाषणात मध्येच ओरडायचं नसतं, हे तिला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीच्या प्रवेशपत्रामागे बारीक अक्षरांत सगळं छापलं होतं: टाळ्या वाजवू नयेत, घोषणा देऊ नयेत, कठड्यावरून वाकू नये. तिने ते वाचलंही होतं. आणि रोज चौथीच्या पस्तीस पोरांना "मध्ये बोलायचं नाही" म्हणून दटावणारी बाईच ती! पण माणसाच्या सहनशक्तीलाही काही हद्द असते.

शिक्षणाच्या तरतुदीवर चर्चा चालली होती. विरोधी बाकावरच्या जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी विचारलं, "पुलाला पैसे आहेत, पुतळ्याला पैसे आहेत, मग मुलं शिकवायलाच तिजोरीत खडखडाट कसा?" त्यावर मंत्री उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "शिक्षण हा पेशा नाही, व्रत आहे. आमचे कंत्राटी शिक्षक मानधनावर पूर्ण समाधानी आहेत."

"खोटं!"

आवाज आपलाच आहे हे तिला जरा उशिराच कळलं. तोवर खाली बाकं वाजायला लागली होती, कुणी उठलं, कुणी कुणाला "बसा, बसा" म्हणालं, मंत्र्यांनी लालबुंद होऊन वर पाहिलं... आणि एका धिप्पाड महिला रक्षकाने तिच्या दंडाला धरून म्हटलं, "चला ताई. बाहेर."

सात वर्षं ती त्या मानधनावर शिकवत होती. शाळेत तिला सगळे छोट्या बाई म्हणत, कारण मुख्याध्यापिका मोठ्या बाई. मोठ्या बाईंना वेतन होतं. छोट्या बाईंना मानधन. वेतन म्हणजे दर महिन्याला, सुट्टीतही, आजारपणातही. मानधन म्हणजे सरकारला आठवण झाली की. त्यात मानही नव्हता आणि धनही नव्हतं, असं तिची आई म्हणायची, आणि आई सहसा चुकत नसे.

बाहेरच्या पायऱ्यांवर ती कपाळ धरून बसली. कानशिलं अजून तापलेली होती. तेवढ्यात मागून कुणी धावत आलं.

"अहो बाई! एक मिनिट!"

झालं, आता दंड भरावा लागणार, असं म्हणून तिने मान वळवली. तिशीतला एक सडपातळ माणूस होता. खिशात टोक काढलेल्या तीन पेन्सिली, चौथी कानावर.

"तुम्ही मघाशी... 'खोटं' म्हणालात की 'थोडं'?"

"काय?"

"मी लघुलेखक आहे. सभागृहात जे बोललं जातं ते उतरवून घेतो. दहा मिनिटांची पाळी असते, माझी आत्ताच संपली. गॅलरीतलं बोलणं आम्ही नोंदवत नाही, पण शब्द अर्धवट ऐकू आला की मला जेवण जात नाही हो. 'थोडं समाधानी आहेत' असंही वाक्य होऊ शकतं ना?"

एवढ्या संतापातही तिला हसू फुटलं. "ख ला काना-मात्रा, ट वर अनुस्वार. खोटं. घ्या उतरवून, आणि जेवा पोटभर!"

त्याने खरंच वही काढून एक वेडीवाकडी रेघ ओढली आणि "आभारी आहे" म्हणून निघूनही गेला. असा कसा हा माणूस, असं ती घरी जाईपर्यंत म्हणत राहिली. पुढे ते रोजचंच झालं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी कळली. तिला बाहेर काढल्यावर मंत्री गोंधळातच ओरडून काहीतरी म्हणाले होते. कुणी सांगत होतं, "पुढच्या सत्रापासून सगळ्यांना वेतन देऊ!" असं म्हणाले. कुणी म्हणत होतं, छे, नेहमीसारखं "मानधन देऊ" म्हणाले. माईक बंद होता. दोन वर्तमानपत्रांत दोन बातम्या. आता कामकाजाची अधिकृत प्रत छापून येईल तेव्हाच काय ते ठरणार होतं. 'वेतन' छापलं गेलं तर ते सभागृहात दिलेलं आश्वासन. मग शिक्षकांची संघटना ते धरून बसली असती आणि मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागलं असतं.

आणि तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं. दूरच्या शहरातल्या एका खाजगी क्लासचं. पगार दुप्पट, राहायला खोली, होय-नाही शनिवारपर्यंत कळवा. सात वर्षं ती ज्या वेतनाच्या आशेवर थांबली होती, त्याचं काय ते एकदाचं कळू दे, मग ठरवू, असं तिने मनाशी पक्कं केलं.

म्हणून सोमवारी शाळा सुटल्यावर ती प्रत मिळण्याच्या खिडकीवर गेली. आत तोच! चार पेन्सिलींसकट. पाळी नसली की त्याला या खिडकीवर बसवत.

"प्रत आली?"

"नाही अजून. तपासणी चाललीये."

"मंत्री काय म्हणाले ते तुम्ही तर ऐकलंय. त्यांच्या समोरच्याच टेबलावर बसता."

"छापून आल्यावर वाचा, बाई."

"नुसतं मानेने सांगा."

त्याने मान अशी ताठ धरली की तिला पुन्हा हसू आलं.

मंगळवारी ती पुन्हा गेली. बुधवारी पण. बुधवारी तो खिडकी बंद करून बाहेर आला आणि दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेले. संध्याकाळचा वारा सुटला होता, टपरीचं ताडपत्री छप्पर फडफडत होतं, आणि बोलण्याच्या नादात त्याने तिच्या कपात दोनदा साखर घातली. तिने तो चहा काही न बोलता प्यायला. इतका गोड चहा तिला एरवी घशाखाली उतरला नसता.

"तुम्ही दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिता," ती म्हणाली. "तुमचं स्वतःचं काही असतं का... बोलायचं?"

"सवय गेली." तो हसला. "घरी आई विचारते, भाजी कशी झालीये, तर मी म्हणतो, सन्माननीय सदस्यांनी नोंद घेतली आहे."

"माझ्या वर्गात दर शनिवारी श्रुतलेखन असतं. दहा वाक्यं. ऐकलं तेच लिहायचं, मनाचं नाही. तुम्ही पहिले याल."

"मी कधी चुकत नाही."

"सगळी पोरं असंच म्हणतात. आणि चुकलेलं वाक्य दहा वेळा लिहावं लागतं, बरं का."

"या बसायला शनिवारी, म्हणालात तर येईन."

"मी कुठे म्हणाले?"

"थोडं... म्हणालात."

तिने कपात पाहिलं. कप केव्हाच रिकामा झाला होता.

गुरुवारी मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता. चहा समोर निवत होता आणि तो चमचा नुसता फिरवत बसला होता.

"काय झालं?"

"वरून एक चिठ्ठी आलीये. दुरुस्तीची. काय आहे ते सांगता येत नाही."

तिला सांगायची गरजच पडली नाही. "'वेतन'ऐवजी 'मानधन' वाचावे... असंच ना?"

तो गप्प राहिला.

"गप्प बसलात म्हणजे हो."

"गप्प बसण्याची नोंद होत नाही, बाई."

म्हणजे मंत्री 'वेतन' म्हणाले होते! सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो शब्द उच्चारला होता, रागाच्या भरात का होईना! "तुम्ही बदलणार नाही ना? व्याकरण सुधारता येतं, अर्थ बदलता येत नाही, असा नियमच असेल की."

"आहे."

"मग भीती कसली?"

त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. नाव, फोटो, आणि खाली: लघुलेखक, मानधन तत्त्वावर.

"तुम्ही पण?"

"पाच वर्षं. दर सहा महिन्यांनी नवा कागद. उद्या महिनाअखेर, पुन्हा सही व्हायचीये. चिठ्ठीवर ज्यांची सही आहे, त्यांचीच." तो ओशाळं हसला. "तुम्ही ओरडलात ना, तेव्हा माझी पेन्सिल मोडली होती. मलाही तेच ओरडायचं होतं. पाच वर्षं."

त्या रात्री तिने आईला सगळं सांगितलं. आई शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "तो शब्द तुला हवाय, हे कळतंय मला. पण त्याची भाकरी काढून आपल्या ताटात वाढून घेतलीस, तर ती गोड लागेल का गं?" मग थोड्या वेळाने, शेंगांकडेच बघत, "मुलगा चांगला दिसतोय."

"आई!"

"मी फक्त नोंद घेतली."

शुक्रवारी ती खिडकीवर गेली आणि एका दमात म्हणाली, "बदला तो शब्द. मी कुणाला काही सांगणार नाही. तुमची नोकरी जाऊन मला वेतन नकोय."

तिला वाटलं होतं, तो सुटकेचा निःश्वास टाकेल. तो चिडला! पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"तुमच्या वर्गातल्या पोराने श्रुतलेखनात ऐकलेलं सोडून दुसरं लिहिलं, कारण वडील रागावतील, तर तुम्ही 'बरोबर'ची खूण कराल?"

"पोराचं वेगळं..."

"काही वेगळं नाही. मला एवढंच येतं. ऐकलं ते लिहायचं. तेही खोटं केलं तर माझ्याकडे राहतं काय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि तुमच्यासाठी नाही करत मी हे. म्हणजे... फक्त तुमच्यासाठी नाही."

ती परत निघाली. डोळे पाण्याने भरले होते, का ते तिला नेमकं कळत होतं. वाटेत पोस्टाच्या पेटीपाशी थांबली, दूरच्या शहरातल्या क्लासला उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या: येऊ शकत नाही, क्षमस्व. आणि पत्र पेटीत टाकलं. प्रत छापून येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं खरं. पण आता तिला थांबायचं नव्हतं. प्रतीत काहीही येवो, ही शाळा आणि ही खिडकी असलेलं गाव सोडून ती कुठेही जाणार नव्हती.

शनिवारी सकाळी चौथीच्या वर्गात पोरं वह्या काढत होती, तेव्हा दारात तो उभा राहिला. हातात छापील प्रत, अजून शाईचा वास येणारी.

"पान एक्केचाळीस," तो म्हणाला.

तिने पान उघडलं. गोंधळ, असं कंसात. त्याखाली मंत्र्यांचं वाक्य: पुढच्या सत्रापासून सर्वांना वेतन देऊ. तिने ते तीनदा वाचलं. त्या एका शब्दाने उद्या पगार सुरू होणार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अजून अर्ज, बैठका, मोर्चे, किती काय बाकी होतं. पण आता कुणी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणू शकणार नव्हतं.

"आणि तुमचा कागद?"

"सही झाली नाही." त्याने खांदे उडवले. "न्यायालयात जागा निघाल्यात. तिथेही ऐकायचंच काम. परीक्षा आहे, देईन. आज मात्र मोकळा आहे. तुम्ही म्हणाला होतात... श्रुतलेखन."

"बाई, हे कोण?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"नवीन विद्यार्थी," ती म्हणाली. "मागच्या बाकावर बसा. बघाबघी नाही."

चौथीच्या बाकात त्याचे गुडघे मावत नव्हते. पोरं खुदखुदली. तिने फळ्याकडे पाठ करून एक एक वाक्य सांगितलं. नदीला पूर आला. दादाने सायकल पुसली. दहावं वाक्य होतं, उद्या शाळेला सुट्टी आहे.

मग ती वह्या तपासत मागच्या बाकापर्यंत आली. त्याचं अक्षर देखणं होतं. नऊ वाक्यं काना-मात्रेसकट बरोबर. आणि दहाव्या जागी, त्याच देखण्या अक्षरांत...

मला तुम्ही खूप आवडता.

ती वहीकडे बघत राहिली. तो बाकाकडे बघत होता, कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने न ऐकलेलं वाक्य लिहिलं होतं.

"हे," तिने हळूच विचारलं, "खोटं की थोडं?"

"खरं," तो म्हणाला. "पूर्ण."

तिने लाल पेन काढलं. दहाव्या वाक्याखाली ठळक रेघ ओढली, समोर फुली मारली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चूक! मी हे सांगितलं नव्हतं." पोरं माना वळवून बघायला लागली. मग तिने फुलीशेजारी काहीतरी लिहिलं, वही मिटून त्याच्या हातात दिली आणि फळ्याकडे वळली, कारण हसू आवरत नव्हतं.

त्याने वही उघडली. लाल शाईत लिहिलं होतं: रोज दहा वेळा लिहिणे. मी तपासेन.