टोकावड्याच्या वळणावरचा लाल चुरा

नवसू सन्मानाने सुटला, त्याचा टेम्पो परत मिळाला आणि हवालदारांनी स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

असं काही झालंच नाही. वाचलं असेल तर विसरा. सोमवारपासून सुरू करू.

सोमवारी नवसूची बायको प्रेमा शहापुरात रविना गोजरच्या ऑफिसात आली. रविना खाजगी गुप्तहेर. तिच्याकडे स्कूटर होती, लायसन नव्हतं; म्हणून सोबत अनंतामामा.

“ताई, नवरा कोठडीत हाय. रात्री टोकावड्याच्या वळणावर प्रज्वल म्हणून एका पोराची स्पोर्ट्स कार फुटलेली दिसली. ह्यांनी त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेला. आता पोलीस म्हणतात, तूच ठोकलीस. टेम्पोत रगत हाय.”

“प्रज्वल काय म्हणतो?”

“दोनी पाय मोडलेत. करकचून ब्रेक मारला, येवढंच आठवतं.”

“म्हणजे नवसूनेच ठोकली,” मामा म्हणाले.

रविनाने त्यांना हेल्मेट शोधायला पाठवलं.

वळणावर टायरचे लांबलचक काळे पट्टे होते. ते संपले तिथेच मामांचा पाय शेणात गेला. आजूबाजूला कारचा लाल चुरा पसरला होता. मामांनी मूठभर पँटच्या खिशात कोंबला.

“पुरावा!” ते म्हणाले.

चौकीत टेम्पो उभा होता. बंपरवर दसऱ्याचा झेंडूचा हार, सुकलेला, पण अखंड.

“एवढा चुरा भरल्या गाडीशिवाय होतो काय?” हवालदार अमोल म्हणाले. “त्या टायमाला रस्त्यावर भरलेली गाडी एकच. नवसूची. भाताची पोती.”

कार आसनगावच्या ओमकारने आपल्या शेडमध्ये बनवली होती. तिथे दुसरी, पिवळी, तयार होती. ओमकार हातांना खोबरेल चोळत होता.

“फायबर घासलं की काचेची कुसं घुसतात. आठवडाभर खाज. पण बॉडी भक्कम हां! भरल्या गाडीनेच मारली असणार. लिहून देतो.”

रविनाने पिवळ्या कारच्या नाकात हात घातला. तो काहीही न लागता पार पॅडलपर्यंत गेला.

“इथे लोखंड नाही?”

“वजन वाढतं, मॅडम. मग स्पीड कुठून काढू?”

वळणाला लागूनच मंगळूचं घर. अंगणात म्हैस आंब्याच्या खोडाला पाठ घासत होती. साल निघून आली होती. गळ्यात कोरं दावं.

“गोमाश्या,” मंगळू म्हणाला. “माझी म्हस कधी सुटत नाय.”

“मी विचारलं नव्हतं,” रविना म्हणाली.

संध्याकाळी सगळे चौकीत जमले. मामा मांडी कराकरा खाजवत होते.

“मामा खाजवतात, कारण खिशात कारचा चुरा आहे,” रविनाने सुरुवात केली. “ओमकारला खाज सुटते, कारण त्याचा तो धंदा आहे. म्हैस का खाजवते? ती तर शेडमध्ये कामाला नाही.”

मंगळूने मान खाली घातली.

“जुनं दावं तोडून ती कोमट डांबरावर बसली होती. शेण तिथेच आहे. प्रज्वलने ब्रेक मारला, वेग पुष्कळ उतरला, तरी कार म्हशीच्या पाठीला लागली. पुढे लोखंडच नाही, म्हणून फायबरचा चुरा झाला आणि धक्का सरळ त्याच्या पायांवर आला. म्हैस उठून घरी गेली. टेम्पोने ठोकली असती तर हाराचं एक तरी फूल पडलं असतं.”

“भ्यालो, बाय,” मंगळू म्हणाला. “सकाळी दावं बदललं.”

“पिवळीत लोखंड घाल,” रविनाने ओमकारला सांगितलं.

“गिऱ्हाईक उद्या येतंय,” म्हणून ओमकार उठून गेला.

हवालदार म्हणाले, “आपल्याला शंभर टक्के पटलं.”

“मग सोडा नवसूला.”

“कसं सोडू? पोर्टलवर धडक देणाऱ्या वाहनाचा नंबर भरलाय. टेम्पोचा काढायचा तर दुसरा टाकावा लागतो.”

“म्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला आहे,” मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते वेळेवर बोलले होते.

हवालदारांनी तोही नंबर टाकला. पोर्टलने लाल अक्षरांत कळवलं: क्रमांकाची सुरुवात ‘एमएच’ने करा.

“मंग ह्यांनी आतच ऱ्हायचं?” प्रेमाने विचारलं.

आतून नवसूचा आवाज आला, “म्हशीला फार लागलं नाय ना रे मंगळू?”

रविनाने कागद मागून घेतला.

‘प्रति, परिवहन अधिकारी. विषय: म्हशीस तात्पुरता वाहन क्रमांक मिळणेबाबत. महोदय, सदर म्हैस चारपायी असून धडक सोसण्यास सक्षम असल्याचे सिद्ध झाले आहे. तरी श्री. नवसू यांची सुटका होईपर्यंत तिला वाहन समजण्यात यावे, आणि धडक सोसण्याच्या बाबतीत पिवळी कार म्हशीइतकी होईपर्यंत तिला रस्त्यावर येऊ देऊ नये, ही नम्र विनंती.’