नळाखालच्या नऊ बाटल्या

"ई, पायाला काय लागलं हे?" तोंगने पाय झाडला, तसा करड्या बुळबुळीत घाणीचा गोळा पिमच्या गुडघ्यावर येऊन चिकटला.

"माझ्यावर कशाला उडवतोस?" पिमने तो वल्ह्याने खरवडून टाकला. होडीभोवती आजोबांच्या कालव्यातल्या पिंजऱ्यातले मासे पोट वर करून तरंगत होते. या सुट्टीतली ही तिसरी खेप. वरच्या अंगाला कापीचा, म्हणजे जवळ्याच्या खारट लगद्याचा, कारखाना होता. आंबवलेल्या जवळ्याची सगळी घाण नळातून थेट कालव्यात पडायची. फाटकावर मात्र ऐटीत पाटी: 'आमच्या सांडपाण्यात लिटरमागे सरासरी पाच मिलिग्रॅम प्राणवायू.'

"सपशेल थाप. पाण्यात इतका प्राणवायू असता, तर मासे कशाला मेले असते?" पिमचा मावसभाऊ तोंग म्हणाला.

"नुसतं म्हणून काय होतंय? दाखवावं लागतं," अनोंगताई म्हणाली. पिमची ही थोरली बहीण मत्स्यविज्ञान शिकत होती; प्राणवायू मोजायची पेटी तिचीच. "आणि घाण दिसली की धावायचं नाही. दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, नाहीतर मुद्दाम घाणीचेच दिवस निवडले म्हणतील."

चिठ्ठ्यांत नऊ दिवस निघाले. नाक दाबून, मान फिरवून नळाखाली बाटली धरायची. दुसऱ्याच दिवशी तोंग ओकला. आठव्या दिवशी सोंगक्रानच्या, नववर्षाच्या सणामुळे कारखान्यात काम अर्धंच चालू होतं. आकडा आला पाच पूर्णांक सहा दशांश.

"ही ओतून देऊ. कुणाला कळतंय?" तोंग म्हणाला.

पिमलाही क्षणभर तसंच वाटलं. मग स्वतःचीच किळस आली. तिने आकडा वहीत लिहिला.

विहारातल्या गावसभेत कारखान्याचे व्यवस्थापक प्रासित नाकाला रुमाल लावूनच बसले होते. वही चाळून ते हसले. "एका बाटलीत पाचाच्या वर आहे की."

"एकीचं काय घेऊन बसलात, काका? नऊंची सरासरी चार पूर्णांक एक दशांश आहे," पिम म्हणाली. "बाटल्या आपापसात किती कमीजास्त आहेत, तेही हिशेबात धरलंय. याला टी-चाचणी म्हणतात. तुमची पाटी खरी असती, तर नऊ बाटल्यांत इतकी कमी सरासरी निव्वळ योगायोगाने शंभरात एकदासुद्धा आली नसती."

"आमचा माणूस दर महिन्याला पाणी तपासतो."

"कुठलं पाणी?" आजोबांनी विचारलं.

कोपऱ्यात बसलेल्या कारखान्याच्या तपासनिसाने मान खाली घातली. "नळाच्या वरच्या अंगाचं, घाण मिसळायच्या आधीचं, साहेब. नळापाशी वास सहन होत नाही."

सभेत कुणीतरी थुंकलं.

आठवड्याभरात जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी स्वतः नमुने घेतले आणि गाळण-तळं बांधेपर्यंत नळ बंद करवला. गावप्रमुखांनी मुलांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि आजोबांना बोलायला सांगितलं.

"वीस वर्षं मी नाक धरून ओरडत होतो," आजोबा म्हणाले. "कुणी ऐकलं नाही. या पोरांनी नाक धरलं आणि मोजलं."