उजव्या दिव्याचा उजेड

तिन्हीसांजेच्या अंधारात हेंद्रेपाड्याच्या वळणावर रुचिका आणि तिचा धाकटा भाऊ अक्षय सांडलेली करवंदं भराभर टोपलीत भरत होते. बारवी धरणाजवळच्या पाड्यावरून दर मे महिन्यात करवंदं विकायला येणारा वाळूदादा सायकलसकट गटारात गेला होता. त्याचं कोपर सोलवटलं होतं. मागे बसलेली त्याची मुलगी नवसी वेळेवर उडी मारून वाचली होती.

"समोरून गाडी आली," नवसी म्हणाली. "तिचा एक दिवा बरा होता. आमच्या बाजूचा लई पांढरा. बाबाला रस्ताच दिसं ना."

गाडी न थांबता पुढच्या फाटकातून आत गेली, हेही तिने पाहिलं होतं. ते फाटक रुचिकाच्याच इमारतीचं होतं! वॉचमनला विचारलं, तर त्या वेळी एकच गाडी आली होती, रूपेशकाकाची.

काकाने गेल्याच आठवड्यात उल्हासनगरहून, कॅम्प दोनच्या बाजारातून, गाडीच्या दिव्यांसाठी एलईडी बल्ब आणले होते आणि व्हिडिओ बघून घरीच बसवले होते. नुसतं सांगितलं तर तो हसण्यावारी नेईल, हे तिला ठाऊक होतं. आधी पुरावा हवा होता.

दुसऱ्या दिवशी तिने बल्बचा रिकामा खोका शोधला. त्यावरच्या चित्रात बल्बच्या चमकत्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला होत्या. मग तिने आणि अक्षयने गाडीच्या दिव्यांच्या काचेतून डोकावून पाहिलं. डाव्या दिव्यात तसंच होतं. उजव्यात मात्र एक पट्टी वर आणि एक खाली होती.

संध्याकाळी अंधार पडू लागल्यावर त्यांनी काकाला नवे दिवे दाखवायला सांगितले. काका खुशीत आला. गाडी भिंतीसमोर उभी करून त्याने दिवे लावले. अक्षयने उजवा दिवा गोणपाटाने झाकला, तेव्हा उजेड रुचिकाने भिंतीवर दिव्यांच्या उंचीला आखलेल्या खडूच्या रेघेखाली राहिला. मग डावा झाकला. उजेड थेट पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत चढला.

"त्यात काय एवढं? लांबचं दिसतं," काका म्हणाला.

रुचिकाने त्याला भिंतीजवळ स्टुलावर, गाडीकडे तोंड करून बसवलं.

"काका, अक्षय कुठे आहे?"

काकाने डोळ्यांवर हात धरला. "अक्षय? वर गेला असेल."

"मी इथेच आहे," अक्षय म्हणाला. तो दिव्याशेजारीच उभा होता.

मग रुचिकाने त्याला वाळूदादाचं सगळं सांगितलं. त्याने दिवे बंद केले, उजवा बल्ब गार होऊ दिला, आणि खोक्यावरचं चित्र समोर धरून तो नीट बसवला. दिवे पुन्हा लावले, तर उजेड रेघेखाली उतरला.

सकाळी काका दोघांना घेऊन पाड्यावर गेला. वाळूदादाच्या अंगणात त्याने हात जोडले. "तुम्ही पडलात ते माझ्यामुळे. मला कळलंसुद्धा नव्हतं. या पोरांनी शोधून काढलं."

वाळूदादाने नवसीकडे पाहिलं. "मला तं काहीच दिसलं नव्हतं," तो म्हणाला. "हिनं बराबर पाहिलं."

नवसी लाजून घरात पळाली.